देवमनरावांनी साफ केलेलं सूत

ललिताबाईंना सूत निवडायला दोन तास लागले, आणि देवमनरावांना ते बिघडवायला एकच दुपार पुरली.

सूत होतं पार्वताबाईंच्या शालीसाठी. उन्हाळ्यात ललिताबाईंचं मनगट मोडलं, तेव्हा शेजारच्या पार्वताबाईंनी सहा आठवडे त्यांची वेणी घातली, पोळ्या लाटल्या, पाठीला तेल लावून दिलं. आता पंधरा दिवसांनी त्या अमरावती सोडून कायमच्या अकोल्याला, लेकीकडे निघाल्या होत्या. अशा बाईला नुसतं 'येत जा बरं' म्हणून वाटेला लावणं ललिताबाईंच्या जिवावर आलं होतं. अकोल्यात लोकर कोण अंगावर घेणार? म्हणून त्यांनी कापसाचं सूत घेतलं. तेही मध्येच जाड, मध्येच बारीक, जागोजागी गुठळ्या असलेलं. असं सूत अंगाला चिकटत नाही, आणि मुख्य म्हणजे अजून अवघडलेल्या मनगटाचे वाकडे टाके त्यात खपून जातात.

हे सगळं त्यांनी दुकानदाराला समजावून सांगितलं. नवऱ्याला सांगायचं तेवढं राहिलं.

देवमनराव म्हणजे धामणगावच्या एका जिनिंगमध्ये एकतीस वर्षं रुई तपासलेला माणूस. किडकी कवडी, कचरा, गुठळी, काही म्हणता काही त्यांच्या नजरेतून सुटायचं नाही. अजूनही पाहुणे म्हणून कुठे गेले, की आधी गादीतला कापूस चिमटीत धरून बघतात. सोमवारी ललिताबाई विहारात गेल्या आणि हे सूत त्यांच्या हाती लागलं. भल्या माणसाचा जीव कळवळला. त्यांनी चष्मा लावला, कात्री घेतली, एकेक गुठळी कापून काढली आणि सुटलेली टोकं गाठी मारून जोडली.

"पाह्य, साफ करून ठेवलं," बायको दारात दिसताच ते म्हणाले. "भंगार माल गयात मारला होता त्यानं तुया."

ललिताबाईंनी सुताचा गुंडा हातात घेतला आणि मटकन खाली बसल्या.

"अवो, त्या गुठळ्यायसाठीच तर मी हे सूत घेतलं होतं."

"मंग मले सांगतलं कावून नाही?"

"तुमी कात्री घेऊन बसान, हे मले काय मालूम?"

दुकानात फोन केला, तर तसं सूत संपलेलं. नवा माल महिन्याने येणार. ललिताबाईंच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं, आणि ते पाहून देवमनरावांनी झालेल्या घोळात आणखी भर घालायचं ठरवलं. कापलेल्या गुठळ्या त्यांनी फेकल्या नव्हत्या. नमुना जपून ठेवायची एकतीस वर्षांची सवय! डबा उघडून ते एकेक गुठळी परत सुतात जोडायला बसले. झालं, जिथे एक गाठ होती तिथे दोन झाल्या.

"रायू द्या आता," ललिताबाई हात जोडून म्हणाल्या. "अजून सुधरवू नोका."

मग त्याच सुताची शाल त्यांनी विणली, सगळ्या गाठी उलट्या बाजूला ढकलत ढकलत. सुलटी बाजू मोठी देखणी झाली. उलट्या बाजूवर मात्र गोखरूचे काटे पसरल्यासारखं लागत होतं.

निघायच्या दिवशी एसटी स्टँडवर ललिताबाईंनी शाल हातात दिली, आणि देवमनरावांनी चपलेच्या अंगठ्याकडे बघत सगळा गुन्हा कबूल केला. पार्वताबाईंनी उलट्या बाजूवरून हात फिरवला, तीच बाजू आत करून शाल पाठीवर ओढली, दोन्ही खांदे वरखाली केले आणि डोळे मिटून घेतले.

"टोचून राहिली का, बाई?" ललिताबाईंनी घाबरत विचारलं.

"बोलू नोको जराशी," पार्वताबाई म्हणाल्या. मग सावकाश डोळे उघडून, "मालक गेले त्याले सात वर्सं झाले. तवापासून पाठ खाजवाले कोनी नाही. लेक-जावयाले सांगता येते का हे? दाराच्या चौकटीले पाठ घासू घासू दिवस काढले मी. देवमनभाऊ, लय मोठं काम केलं तुमी."

"मी तं नुकसान केलं," देवमनराव पुटपुटले.

"असंच करत जा."

ललिताबाई हसायला गेल्या आणि रडल्या. "सहा हप्ते तुमी माया पाठीले तेल लावलं, बाई. ते काही फिटत नाही यानं."

"फिटवाले कोन सांगतलं तुले?" पार्वताबाईंनी त्यांचं बरं झालेलं मनगट दाबलं आणि शाल न काढताच त्या गाडीत चढल्या.

गाडी गेली. घराच्या वाटेवर देवमनराव बोलणी खायच्या तयारीने दोन पावलं मागे चालत होते. कोपऱ्यावर ललिताबाई त्यांच्यासाठी थांबल्या.

"नवा माल आला की मी माया शालीसाठी सूत आणीन," त्या म्हणाल्या. "साफ तुमी करजा."