खायची नसलेली गंजी

गवत गुरांनी खाण्यासाठी असतं, हा गैरसमज आमच्या मारामुरेशच्या डोंगरांत काही शतकं टिकून होता. तो दूर करण्याचं श्रेय गंजी-जतन समितीला जातं. मी तिचा सचिव.

आमचं कुरणातलं गवत चिवट. एकदा पेरलं की पन्नास हिवाळे बर्फाखाली काढतं आणि दर मे महिन्यात पुन्हा उभं राहतं. (इतकी हजेरी आमच्या एकाही सभासदाची नाही.) जुलैत ते लांब दांड्याच्या विळ्याने कापायचं, वाळवायचं आणि कुरणातच उंच खांबाभोवती त्याची गंजी रचायची. ती पाहायला पाहुणे येऊ लागले. गंजीपाशी पाहुणा सरासरी अकरा मिनिटं थांबतो, चर्चपाशी चार. तेव्हा आम्ही गंजीला वारसा जाहीर करून नियम केले. गंजीचा आकार बदलू नये. एप्रिलपर्यंत तिच्यातलं गवत काढलेलं दिसता कामा नये. वीस पावलांच्या आत गुरं फिरकू नयेत (हा नियम गुरांना वाचून दाखवण्याची जबाबदारी मालकाची).

हिवाळ्यात गुरांनी काय खावं, हा मुद्दा विषयपत्रिकेवर नव्हता.

साफ्तामावशी विधवा. एक गंजी, एक गाय. गाय गुरुवारी जन्मली म्हणून जोयाना. आमच्याकडे गुरांची नावं वारावरून ठेवतात. जानेवारीत गोठ्यातली वैरण संपली आणि जोयाना गाभण. मावशींनी गंजी उघडायला रीतसर अर्ज केला. तीन आठवड्यांनी आम्ही तो परत पाठवला, कारण त्यावर लाभार्थीची सही नव्हती.

मग त्या स्वतःच कचेरीत आल्या.

"सचिवसाहेब, गाय उठेना झालीय. पोटात वासरू आहे. काय घालू तिला?"

विषय विचाराधीन आहे, असं मी सांगितलं.

"किती पेंढ्या विचार आहे? सांगा, म्हणजे गव्हाण झाडून ठेवते."

मला लाज वाटली. पण इतिवृत्तात तिच्यासाठी रकाना नसतो.

त्या पुन्हा आल्या नाहीत. फेब्रुवारीअखेर आदर्श गंजी स्पर्धा झाली, आणि पहिला क्रमांक एकमताने साफ्तामावशींना मिळाला. एक काडी जागची हललेली नव्हती. अध्यक्ष तोआदेर बुदा फोटोसाठी ऐटीत गंजीला टेकले आणि आत गेले. बाहेर फक्त बूट राहिले. मागून माणूस शिरेल एवढं भोक, ते झाकायला गवताची पेंढी, आत फांद्यांचे टेकू; बाकीची गंजी जोयानाच्या पोटात.

अध्यक्षांना बाहेर ओढून तिथेच तातडीची सभा भरली. नियम पुन्हा वाचले. आकार बदललेला नव्हता. गवत काढलेलं दिसत नव्हतं. गाय गंजीपाशी आली नव्हती, गंजीच गाईकडे गेली होती. मावशींनी नियम आमच्यापेक्षा नीट वाचले होते, हे मान्य करून बक्षीस कायम ठेवलं. मार्चमध्ये जोयाना सुखरूप व्याली. आता ठरावानुसार सगळं गाव जुलैतच गंज्या पोकळ रचतं आणि गवत थेट गोठ्यात भरतं. (अध्यक्षांना टेकण्यास मनाई आहे.)

आमच्या समितीला हसलात ना? हसा. गेल्या ऑगस्टमध्ये तुम्हीच मावशींच्या गंजीपुढे उभं राहून, "काय अस्सल आयुष्य आहे हो इथलं," म्हणालात. आणि मग मला हळूच सांगितलंत की, ती गाय आणि वासरू जरा बाजूला घ्यायला सांगा, फोटोत येतायत.