क्लायंटवाले वहीदभाई

वहीदभाई सकाळी ऑफिसात आले की माणसांच्या आधी कॉम्प्युटरची तब्येत विचारायचे. म्हणजे खरोखर विचारायचे. ओळीनं मांडलेल्या प्रत्येक डब्याच्या पाठीवर हात ठेवून, "काय म्हनतं बेटा? झोप लागली काय?" मग पडद्यावर दोन-चार आकडे आणून निरखायचे. आकडे मनासारखे असले तर "शाब्बास!" नसले तर आमचा सगळ्यांचा चहा लांबायचा, कारण मग ते दिसेल त्याला टेबलाखाली वाकवून वायरी धरायला लावत.

अमरावतीत शेतकऱ्यांना फोनवर सल्ला देणारं आमचं केंद्र होतं. कापसाची वर्षं फार वाईट चालली होती आणि फोन दिवसभर वाजायचे. फोन घेणाऱ्या मुलींच्या कॉम्प्युटरमध्ये स्वतःचं काहीच नव्हतं. कीड, औषधं, आधी विचारलेले प्रश्न, सगळ्या फायली माझ्या खोलीतल्या सर्व्हरवर. मुलींचे कॉम्प्युटर, म्हणजे क्लायंट, वायरीतून तिथं फाईल मागायचे. सर्व्हर माझ्याकडे आणि क्लायंट वहीदभाईंकडे अशी वाटणी होती. आम्ही दोघं एकाच दिवशी नोकरीला लागलो. डिग्री एकच, पगार एकच. गुण मात्र त्यांना जास्त, आणि ही गोष्ट ते चारचौघांत आवर्जून सांगायचे.

माझ्या खोलीला एसी होता. बाहेर हॉलमध्ये नुसता खडखडणारा कूलर. तरी सगळी माया त्या हॉलमध्येच होती. फोन घेणाऱ्या वैशालीच्या डब्यातली कोथिंबिरीची सांबारवडी आधी वहीदभाईंना जायची आणि माझ्यापर्यंत फक्त वास यायचा. मी कधी बाहेर येऊन म्हणालो, "सर्व्हर एकदम ठीक आहे," तर हे सगळ्यांसमोर हसायचे.

"सर्व्हरले काय इचारता गजूभाऊ? तो तं मस्तच सांगीन! जो थांबून राह्यला, त्याले इचारा."

थांबणाऱ्याचा त्यांना नादच होता. क्लायंटनं फाईल मागितल्यापासून मिळेपर्यंत किती वेळ गेला, आणि उत्तर आलं नाही म्हणून त्याला पुन्हा कितीदा मागावं लागलं, एवढंच ते दिवसभर बघायचे. पुन्हा मागण्याचा आकडा जरा चढला की त्यांचा चेहरा उतरायचा. "एका फाईलीसाठी याले दोनदा हात पसरा लागला जी. मले लाज वाटते." मला त्या लाजेचाही राग यायचा. माझ्या सर्व्हरसाठी कोणी असं हळहळलं नव्हतं.

त्यातच अकोल्याला नवं केंद्र निघायचं ठरलं. तिथला प्रमुख मुख्य ऑफिसातले साहेब आम्हा दोघांतून निवडणार होते. मला ती जागा हवीच होती. बायकोचं माहेर अकोल्याचं, तिनं तर पडद्यांचं कापडही पसंत करून ठेवलं होतं.

भर मे महिन्यात साहेब पाहणीला आले. मी त्यांना थेट एसीत बसवलं आणि सर्व्हरचा आलेख दाखवला. रेघ जमिनीला टेकलेली. "बघा साहेब, सर्व्हर किती निवांत आहे! काही भारच नाही." साहेबांनी समाधानानं मान हलवली आणि तेवढ्यात हॉलमधून आरोळी आली, "वैशाली, फोन ठिवू नको! भौले म्हना, थांबा जरा!"

बाहेर वहीदभाई टेबलाखाली उताणे पडले होते. कूलरचं पाणी ठिबकून वायरींच्या जोडडब्यात शिरलं होतं. अर्धी रांग फाईल मागत होती, पुन्हा मागत होती, आणि ते मागणं माझ्यापर्यंत पोचतच नव्हतं. माझा सर्व्हर निवांत होता तो त्यामुळे. पलीकडे फोनवर धामणगावकडचा एक शेतकरी उन्हाळी भाजीच्या वावरात पाठीवर फवारणीचा पंप घेऊन उभा होता. औषध किती टाकायचं, एवढंच त्याला हवं होतं. वहीदभाईंनी वायरी दुसऱ्या डब्यात खोचल्या, फाईल उघडली, वैशालीनं प्रमाण वाचून दाखवलं. सकाळपासून आकडे चढताना त्यांनी पाहिले होते म्हणून ते डब्यापाशी आधीच पोचले होते.

आठवड्यात कळलं, अकोल्याची जागा वहीदभाईंना मिळाली. मी जळून खाक झालो. आणि पुढच्याच आठवड्यात कळलं, त्यांनी ती नाकारली. तेव्हा तर जास्तच जळालो. ज्याच्यासाठी मी तळमळत होतो ते या माणसानं नको म्हणून परत केलं! जाब विचारायचाच, म्हणून रविवारी एसटीनं परतवाड्याला त्यांच्या घरी गेलो.

दारातूनच दिसलं, बाजेवर एक म्हातारी बाई उशांना टेकून बसल्या होत्या आणि वहीदभाई त्यांना चमच्यानं खीर भरवत होते.

"आपा, देखो, गजूभाऊ आये," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "माही मोठी बहीन. अम्मी गेली तं मी लहान होतो. इनंच वाढवलं, सोताचं लग्न नाही केलं. आता लकवा झाला, बोली गेली."

मी कसंबसं विचारलं, "बऱ्या आहेत ना आता?"

"गल्लीतले सारे हेच इचारतात, मी बी बरी हाय म्हनतो. पन आज घोट गियाले वेळ लागून राह्यला." त्यांनी चमचा तसाच धरून ठेवला, आपांचा गळा हलेपर्यंत. "दिवसा शेजारीन बसते. पन रातचं जेवन आपा दुसऱ्याच्या हातचं घेत नाही जी. अकोल्याहून रोज इथं कसा येनार? साहेबाले सांगतलं, गजूभाऊले द्या. त्याईले लय हौस हाय."

पुढेही ते काही सांगत होते आणि मधेच थांबले. उठून त्यांनी आपांच्या पाठीमागची उशी जराशी डावीकडे सरकवली. आपांनी डोळे मिटून श्वास सोडला. त्यांनी काही खूण केली होती का? मी समोरच बसलो होतो, मला तर काहीच दिसलं नव्हतं.

परतीच्या गाडीत खिडकीची जागा मिळाली. अकोलाही आता मिळाल्यातच जमा होतं. तरी जीव जळतच होता. त्या बाजेवरच्या, एक अक्षरही बोलू न शकणाऱ्या म्हातारीचा मला मनापासून हेवा वाटत होता.