गेटसमोरच्या शैलाताई

शैलाताई प्रधान पहिल्याच भेटीत तुमचा हात हातात घेतात. तुम्हाला वाटतं, काय मायाळू बाई! मग त्या तुमची बोटं नाकाशी नेतात आणि हुंगतात. आधी तर्जनी, मग मधलं बोट. सिगारेटचा वास नसेल तर "हं" म्हणून हात सोडतात. असेल तर लिफ्ट, जिना, पूजा, असाल तिथे तुमची शोभा होते. आमच्या सोसायटीच्या चेअरमनची झाली, तेव्हा ते सत्यनारायणाचं तीर्थ घ्यायला हात पुढे करून उभे होते.

बोरिवली पूर्वेला आमची सात मजली इमारत. तिसऱ्या मजल्यावर आमच्या समोरच्या दारात शैलाताई राहतात. एकट्या. अंधेरीच्या एका लॅबमध्ये त्यांनी तीस वर्षं लोकांचं रक्त काढलं. रिटायर झाल्यावर सुई सुटली, टोचणं सुटलं नाही.

नवा भाडेकरू आला की सेक्रेटरीच्या आधी यांची मुलाखत. "वडील ओढतात? आजोबा? मामा?" एका नव्या जोडप्याला वाटलं, बाई स्थळ बघतायत, त्यांनी धाकट्या दिराचं गोत्रसुद्धा सांगून टाकलं. शैलाताईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मामा ओढतात ना? मग पोरांना सांभाळा. रक्त घरचं, हवा गल्लीची!"

हे त्यांचं ठरलेलं वाक्य. आणि गल्लीची हवा म्हणजे गेटसमोरची टपरी. पलीकडच्या रस्त्यावर ज्युनिअर कॉलेज आहे. टपरीवर पुढे गोळ्या-चॉकलेटच्या बरण्या, मागे सिगारेटची पाकिटं, दोरीला लटकवलेला लायटर आणि बाजूला चहाचा स्टोव्ह. सिगारेट सुटीसुद्धा मिळते. सोळा वर्षांची पोरं चॉकलेटसाठी येतात तशी सिगारेटसाठी येतात, आणि येणारेजाणारे आम्ही मोठे लोक मोबाइलमध्ये बघत पुढे जातो. याची मला आजही चीड येते. माझी स्वतःचीसुद्धा.

शैलाताई पुढे जात नाहीत. कॉलेज सुटायच्या वेळी त्या प्लास्टिकची खुर्ची घेऊन खाली उतरतात आणि टपरीला खेटून बसतात. "काय रे, कितवीत? बाबांचा नंबर सांग!" गिऱ्हाईक पळतं. टपरीवाला हात जोडतो, "मॅडम, मैं नहीं बेचूंगा तो सामनेवाला बेचेगा."

"तो मैं सामने भी जायेगी! मेरे को टाइम है!"

त्यांनी वॉर्ड ऑफिसात सहा अर्ज दिले. एकदा गाडी आली, टपरी उचलून नेली. चौथ्या दिवशी टपरी परत, वर नवी कोरी छत्री. त्या दिवशी शैलाताईंचा आवाज सातव्या मजल्यापर्यंत गेला. सेक्रेटरी गोरे समजवायला खाली आले. "ताई, कशाला बीपी वाढवता? ज्याच्या रक्तात असतं तो ओढणारच."

"रक्तात असतं ते झोपलेलं असतं, गोरे!" त्या ओरडल्या. "त्याला रोज हाका मारून उठवते ती ही टपरी! आणि तुम्ही तिच्यावर चहा पिता!"

गोरेंनी त्या दिवसापासून चहा सोडला नाही, फक्त ते टपरीच्या मागे उभं राहून प्यायला लागले.

आता माझं सांगते. माझे आजोबा विड्या ओढायचे. बाबा दिवसाला दोन पाकिटं. भाऊ अजून ओढतो. हे मी कधीतरी गप्पांत शैलाताईंना सांगून बसले होते. एके सकाळी भरल्या लिफ्टमध्ये त्या म्हणाल्या, "मीनल, तुझ्या माहेरी तीन पिढ्या. रुचाला मागच्या गेटने पाठवत जा."

रुचा माझी मुलगी, अकरावीत. ती तिथेच उभी होती. तिचा चेहरा लालबुंद झाला. मी फाडकन म्हटलं, "ताई, माझ्या पोरीच्या कपाळावर शिक्का मारू नका!" त्यानंतर दोन महिने मी त्यांच्याशी बोलले नाही. समोरासमोर दारं, पण मी आधी कानोसा घ्यायची आणि मगच बाहेर पडायची.

मग एका गुरुवारी ऑफिसातून येऊन मी कुलूप काढतेय तोच जिन्यात आरडाओरडा. शैलाताई रुचाला मनगटाला धरून वर आणत होत्या. रुचा रडत होती, "सोडा ना! एकच होती! सगळेच ओढतात!"

मला सिगारेटचा वास आला. तरी राग आला तो शैलाताईंचाच. "हात सोडा तिचा!" मी ओरडले. रुचा आत पळाली, खोलीचं दार आपटलं. आणि मी बोलायला नको ते बोलले. "तुम्हाला स्वतःचं मूल नाही, म्हणून दुसऱ्यांच्या पोरांवर पहारा!"

मला वाटलं, आता इमारत हलणार. पण शैलाताई पायरीवर बसल्या.

"मला दोन भाऊ होते," त्या म्हणाल्या. "जुळे. आईसुद्धा फसायची, इतके सारखे. साकीनाक्याला आमची एकच खोली, खाली कारखाने. पोटं जास्त झाली, म्हणून सुहासला चौथ्या वर्षी दहिसरला मावशीकडे पाठवलं. विलास आमच्याकडे राहिला. मावशीच्या आळीत ओढणारं कुणी नव्हतं. आमच्याकडे न ओढणारं कुणी नव्हतं."

मी दाराला टेकून उभी राहिले.

"सुहासने आजवर सिगारेट हातात धरलेली नाही. विलासने तेराव्या वर्षी धरली. एक्केचाळिसाव्या वर्षी गेला. रक्त एकच होतं गं. अगदी एकच."

"ताई, त्यात तुमचा काय दोष?"

"बाबांच्या सिगारेटी आणायचं काम माझं होतं. मी मोठी ना. पण कारखान्यातले लोक टक लावून बघायचे, मला लाज वाटायची टपरीवर उभं राहायला. म्हणून मी विलासला पाठवायचे. आठ वर्षांचा होता. टपरीवाला त्याला एक गोळी द्यायचा, फुकट. उड्या मारत जायचा. मी रोज पाठवायचे, मीनल."

मी मागे वळून पाहिलं तर खोलीचं दार उघडं होतं आणि रुचा पॅसेजमध्ये उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं.

शैलाताई कठड्याला धरून उठल्या. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "तू सातला येतेस. तोपर्यंत ही त्या घोळक्यात थांबते. माझ्याकडे येईल का? अभ्यास करेल, टीव्ही बघेल, काय वाटेल ते. माझ्याकडे पण कुणी नसतं." मग आपल्या दाराकडे वळत, "मी ओरडणार नाही."

टपरी आजही आहे. गोरे मागे चहा पितात. वॉर्ड ऑफिसात सातवा अर्ज पडलाय, या वेळी खाली माझीही सही आहे. रुचाने पुन्हा ओढली की नाही, मला छातीवर हात ठेवून सांगता येणार नाही.

त्या गुरुवारच्या दुसऱ्या दिवशी मात्र ती शैलाताईंकडे गेली, ती तोंड पाडूनच. साडेसातला परत आली. मी विचारलं, "ओरडल्या का?"

"खूप!" रुचा म्हणाली. "मी मटकीच्या उसळीला नाक मुरडलं म्हणून." मग चपला काढता काढता हळूच म्हणाली, "आई, मी त्यांना सांगून आलेय, उद्या उसळ नको, थालीपीठ करा."