स्तानोये नावाचे दोघे

बाळांनो, समजा तुमच्या घरी नवा भाऊ आला आहे आणि त्याचं नाव काय ठेवणार, हे आईबाबांनाही ठाऊक नाही! आमच्या सर्बियातल्या खेड्यांत असंच असतं. नाव ठेवायचा मान कूमचा, म्हणजे बाळाच्या धर्मपित्याचा. चर्चमध्ये पाद्रीबाबांसमोर तो जे उच्चारील, तेच नाव. त्यावर कुरकुर करायची नाही. कूम म्हणजे शर्टाचं बटण नव्हे, तुटलं की दुसरं लावायला, असं आमची म्हातारी माणसं म्हणतात.

आता समजा, तुम्ही अकरा वर्षांची दुन्या आहात. समोर कूम राडिशा, एका हातात तुमचा भाऊ, दुसऱ्या हातात मेणबत्ती. तालुक्याची बस चालवणारा हा दांडगा माणूस खाकरला आणि म्हणाला, "स्तानोये!"

बाबांचं तोंड उघडं राहिलं. क्रुनिया आजीचा क्रूसाची खूण करायला उचललेला हात कपाळापाशीच थांबला.

"स्तानोये म्हणजे टिकून राहणारा," कूम डोळे पुसत म्हणाला.

नाव सुरेखच होतं. अडचण एवढीच, की घरात ते आधीच एकाला होतं. तो गोठ्यात राहायचा, त्याचे कान चांगले लांब होते, आणि पुलाच्या मधोमध टिकून राहण्यात त्याचा हात धरणारं गाढव पंचक्रोशीत नव्हतं.

सगळ्यांत जास्त हादरली ती दुन्या. मागच्या आठवड्यात कूमचा फोन आला, तेव्हा घरी ती एकटीच होती. "काय गं, घरातलं तुझं सगळ्यांत लाडकं कोण?" त्याने सहज विचारलं होतं. तिनेही सहज खरं सांगितलं होतं.

नाव ऐकलं की घरातल्या पोराने धावत जाऊन आईला सांगायचं, ही रीत. आई घरी मेजवानीच्या तयारीत होती. नऊ महिने पोटावर हात ठेवून ती एकच नाव पुटपुटत आली होती.

"लुका ना? सांग ना गं, लुकाच ना?"

"स्तानोये."

"अगं, गाढवाचं मरू दे! बाळाचं सांग."

"बाळाचंच सांगतेय."

आई मटकन पिठाच्या पोत्यावर बसली.

तेवढ्यात आजी धापा टाकत आली. "कूम पाद्रीबाबांना घेऊन मागून येतोय. त्याला कळलं तर संपलं! म्हणेल, मी ठेवलेलं नाव गाढवाच्या लायकीचं समजता काय! तीन पिढ्यांचं नातं आहे. ए, आजपासून तू गारोव!" हे शेवटचं अंगणातल्या गाढवाला. गाढवाने तोंड फिरवलं. मागोमाग आलेल्या बाबांनी त्याला आत लोटून गोठ्याचं दार ओढून घेतलं.

पंगत बसली. भाजलेलं कोकरू आलं. कूमने राकियाचा पेला उचलला. "स्तानोयेला उदंड आयुष्य लाभो!"

"हीऽऽ हॉऽऽ!" गोठ्यातून आशीर्वाद आला.

"खोकला झालाय त्याला," बाबा म्हणाले.

"स्तानोयेच्या घरात सदा सुख नांदो!"

"हीऽऽ हॉऽऽ!"

यातही दोष दुन्याचाच. आमच्या भाषेत नावाला सात विभक्त्या, आणि दर विभक्तीला नावाची शेपटी बदलते. परीक्षेआधी त्या पाठ करायला तिने गाढवाला समोर घेऊन त्याचंच नाव चालवलं होतं. एकेक रूप बरोबर आलं, की सफरचंदाची एक फोड गाढवाला. ती पास झाली. गाढव तर पहिलं आलं. आता नावाला कुठलीही शेपटी लावा, त्याला फोड दिसायची.

कूमने पेला खाली ठेवला. "स्तानोयेबद्दल बोललं तरी खोकतो का हा?" त्याने हळूच विचारलं.

"हीऽऽ हॉऽऽ!"

कुणी कुणाकडे बघेना. आजी पाणावल्या डोळ्यांनी कोबीच्या पानांत गुंडाळलेल्या सारमाचं पातेलं ढवळत राहिली. शेवटी दुन्या उठली. "कूमकाका, तोच स्तानोये. तुम्ही लाडकं कोण म्हणालात, म्हणून मी..." तिने गोठ्याकडे बोट केलं.

कूम उठला. त्याने गोठ्याचं दार उघडलं. तो गाढवाकडे आणि गाढव त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिले. मग कूमच्या मिशा थरथरल्या, आणि अंगणभर हसू फुटलं.

"पोरगी खरंच बोलली! लाडक्याला पाय किती, हे मीच विचारलं नाही. मला वाटलं, कुणी पणजोबा असतील. लाडकं नाव बाळाला मिळालं, आणखी काय हवं?"

आजीने केवढा तरी सुस्कारा सोडला. "मग गाढवाला गारोव म्हणू ना?"

"तुम्ही कोण ठेवणार, आजी? नाव ठेवायचं कूमने." त्याने मेणबत्तीचा उरलेला तुकडा दुन्याच्या हाती दिला. "त्याची कूम तू. ठेव नाव."

आता तुम्ही असता तर काय केलं असतं? दुन्याने घरातलं सगळ्यांत गोड नाव आठवलं. आईने नऊ महिने जपलेलं, वाया जाऊ नये असं. मेणबत्ती उंच धरून ती मोठ्याने म्हणाली, "लुका!"

आणि आईच्या हातातलं ताट खाली पडायच्या आत तिने गाढवाला सफरचंदाची पहिली फोड भरवली.