मास्तरांची शीळ

"आठ दिवस! फक्त आठ दिवस! वरचे चारही दात ठोकून घेतो आणि शीळ घालत परत येतो!" शिंपीमास्तरांनी दारातूनच बायकोला ठणकावून सांगितलं. गिऱ्हाइकांनाही ते असेच वायदे करत, आणि ते कसे पाळत हे अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं.

पण ह्या वायद्यात मास्तरांचा जीव अडकला होता. नव्या संसारात त्यांनी बायकोला बजावलं होतं, "माझी शीळ ऐकल्याशिवाय कडी काढायची नाही!" तेव्हापासून रोज संध्याकाळी दाराबाहेर शीळ वाजायची आणि कडी निघायची. हल्ली बाईंच्या डोक्यातून एकेक गोष्ट निसटत चालली होती. लेकीचं नाव गेलं, मास्तरांचा चेहराही गेला, शीळ तेवढी राहिली. इकडे मास्तरांचे पुढचे दात एकेक करून पडत होते, आणि मास्तर आपले "बघू, बघू" म्हणत होते. शेवटचा पडला आणि तोंडातून नुसती हवा निघू लागली! आता समोरच्या काकूंनी विनवण्या केल्या की दार उघडायचं, आणि आतून प्रश्न यायचा, "कोण हवंय आपल्याला?"

डॉक्टरीणबाईंनी जबड्याचा फोटो काढला आणि मान हलवली.

"मास्तर, हाड फार पातळ झालंय. दात नसले की तिथलं हाड झिजत जातं. दात बसवायचा स्क्रू धरणार कशाला?"

"जरा जोर लावून पिळा की!"

"विरलेल्या कापडावर बटण शिवता का तुम्ही?"

मास्तर वरमले. "आधी खालून तुकडा लावतो."

"मग आपणही आधी हाडाची भर घालू. ती मुरायला सहा महिने. मग दात. आणि सिगारेट आजपासून बंद, धुराने हाड मुरत नाही!"

सहा महिने! तोवर हिच्या डोक्यात शीळ तरी राहील का? मास्तरांचे डोळे भरून आले. ते पाहून डॉक्टरीणबाईंनी तात्पुरती एक कवळी करून दिली.

मास्तर कवळी लावून तिसऱ्या मजल्यावर चढले, दारासमोर उभे राहिले आणि छाती भरून जी फुंकर मारली, ती कवळीच सुटली! कठड्यावरून थेट तळमजल्यावर, जिना रंगवणाऱ्या रंगाऱ्याच्या बादलीत!

"अहो, दात कोणाचे हे?" रंगारी खालून ओरडला.

हिरवेगार दात घेऊन तो वर आला. सगळी हकिकत ऐकून हळहळला. काम करताना शीळ घालायची त्याला सवयच होती. "मास्तर, मी वाजवतो ना! चाल सांगा फक्त."

मास्तरांनी चाल गुणगुणून दाखवली. रंगाऱ्याने अशी सुरेल वाजवली की मास्तरांना जरा हेवाच वाटला. कडी निघाली!

"आलात?" बाईंचा चेहरा उजळला. पण त्या पाहत होत्या रंगाऱ्याकडे! त्याला हाताला धरून त्यांनी मास्तरांच्या खुर्चीत बसवलं. मग मागे वळून म्हणाल्या, "भाऊ, तुम्हीही या चहाला. रोज बाहेर ताटकळत असता."

रंगारी घामाघूम! आपल्याच घरात पाहुणा होऊन मास्तर स्टुलावर टेकले. कसला हा उद्योग केला आपण, असं त्यांना झालं.

चहा देताना बाई त्यांच्या कानाशी वाकल्या. "भाऊ, कोणाला सांगू नका. तो खुर्चीतला आहे ना, ते आमचे हे नव्हेत. फसले मी."

"का?" मास्तरांनी हळूच विचारलं.

"ह्यांची शीळ शेवटी घसरते. पहिल्यापासून. याची कशी सरळ गेली!" त्या हसल्या. "हे दात बसवायला गेलेत. आठ दिवसांत शीळ घालत येतो म्हणालेत."

मास्तरांनी ओठ जुळवले. नुसती फुस्स! चहा शर्टावर सांडला.

"अगंबाई! तुम्हालाही दात नाहीत? बसवून घ्या हो," बाई कळवळून म्हणाल्या. "बरं, आता निघा दोघं. ह्यांची यायची वेळ झाली."

बाहेर घालवून त्यांनी कडी लावली. मास्तर मटकन पायरीवर बसले आणि लहान मुलासारखे रडले. रंगारी बिचारा बादली धरून उभा. सवयीने मास्तरांचा हात खिशात गेला, सिगारेटचं पाकीट बाहेर आलं. त्यांनी ते क्षणभर पाहिलं आणि रंगाऱ्याच्या हातात कोंबलं.

"घेऊन जा बाबा. मला हाड मुरवायचंय!"