लाल फडक्यातली चेटकीण

“ताई, हे पुस्तक उघडायचं नाही, कोणाले दाखवायचं नाही आन् मोनाच्या हाती तं अजिबात द्यायचं नाही. शब्द द्या मले.”

शेजारच्या एस्तेरबाईंचं हे बोलणं ललिताबाईंच्या कानात जसंच्या तसं राहिलं होतं. त्या वेळी त्यांचे हात कणकेत होते, चतुर्थीच्या उपासानं डोकं ठणकत होतं आणि जवाहरनगरच्या त्या फॅक्टरी क्वार्टरात नळाला पाणी यायची वेळ झाली होती. “दिला,” म्हणून त्या मोकळ्या झाल्या.

पुस्तक एस्तेरबाईंच्या लेकीचं, मोनाचं. वाढदिवसाला नागपूरच्या आत्यानं दिलेलं. जाडजूड, आणि वरच्या चित्रात टोकदार टोपीतली एक म्हातारी चेटकीण कढईत काहीतरी ढवळत बसलेली. एस्तेरबाई नर्स होत्या. सुई टोचताना त्यांचा हात कधी हलला नाही, पण ते चित्र पाहून त्यांनी पुस्तक पालथं घातलं. शास्त्रात, म्हणजे बायबलात, जादूटोणा मना आहे, आणि गोष्टीत असला तर चालतो असं कुठंही लिहिलेलं नाही, असं त्यांचं साधं म्हणणं. जाळावं तर नणंद रुसणार, घरात ठेवावं तर मोना वाचणार. नाताळात नणंद आली की परत करायचं, तोवर ते शेजारी.

“पण माह्याच घरी काहून?” ललिताबाईंनी विचारलं होतं.

“तुमच्याकडं एवढे देव हायत ताई. त्याईच्यापुढं एका चेटकिणीचं काय चालते?”

हे ललिताबाईंना थोडं लागलं. पण उलट बोलायची ताकद त्यांनी केव्हाच व्रतांना वाहून टाकली होती. सोमवार, गुरुवार, चतुर्थी, एकादशी. भिंतीपलीकडे एस्तेरबाईंची बुधवारची प्रार्थना, शुक्रवारचा उपास. देव सांभाळता सांभाळता दोघीही सारख्याच दमत, आणि म्हणूनच त्यांचं जमत असे.

आता पुस्तक म्हणजे सरस्वती. ते पलंगाखाली कसं सारणार? पोथीच्या फडक्यातलं उरलेलं लाल कापड त्यांनी त्याला गुंडाळलं आणि देवघरात पोथीशेजारी ठेवून दिलं.

मार्गशीर्षात सप्ताह बसला. लायनीतल्या बाया आल्या. पुढच्या पाटावर शकुनबाई, त्यांच्यामागे त्यांची सून राखी. ललिताबाईंनी लाल फडक्यातली पोथी चौरंगावर ठेवली, हळदकुंकू वाहिलं, वर शेवंतीचं फूल ठेवलं आणि तळहातावर पाणी घेऊन संकल्प सोडला, “सप्ताहात वाचून पुरी करीन, मधात सोडणार नाही.”

मग गाठ सोडली. चेटकीण कढई ढवळत वर पाहत होती.

शकुनबाईंचा चष्मा घरी राहिला होता. त्यांनी भक्तिभावानं हात जोडले. “ही कोणती देवी हाय व?”

“आत्याबाई, चेटकीण हाय ते,” राखी हळूच म्हणाली.

शकुनबाईंचे हात जोडलेलेच राहिले. असे मधेच सोडवावेत कसे, हे त्यांनाही कळेना.

“चुकलं माझं,” ललिताबाई पुटपुटल्या. “पोथी बाजूलेच हाय. ते घेते.”

“घेते कायची? पाणी सोडलं ना? मंग ज्याच्यावर सोडलं तेच पुरं करा लागते. माह्या सासूनं एकडाव पोथी अर्धी सोडली, तं वर्षभर म्हैस आटली.”

“पण हे उघडणार नाही म्हणून म्या एस्तेरबाईले शब्द देल्ला.”

“आन् आता देवाले काय देल्लं?”

त्या दिवशी वाचन झालंच नाही. संध्याकाळी ललिताबाईंचे यजमान वासुदेवराव फॅक्टरीच्या बसमधून उतरले, सगळं ऐकलं आणि दंड चोळत खुर्चीत बसले. त्यांना रोज सकाळी इन्सुलिन एस्तेरबाईच टोचत.

“ते रुसली तं मले सुई कोण टोचणार? तो कंपाउंडर तं टायर पंक्चर केल्यावानी टोचते. काही सांगू नको तिले.”

“लपवणं माह्याच्यानं होत नाही.”

“मंग सुई निघेपर्यंत तं थांब!”

तेवढं ललिताबाईंनी ऐकलं. सकाळी सुई निघाली, कापसाचा बोळा लागला आणि त्यांनी सगळं सांगून टाकलं.

“त्याले हळदकुंकू लावलं?” एस्तेरबाई मटकन खाली बसल्या.

“फूलबी वायलं.”

“ताई, पहिले ते फक्त जादूचं होतं. आता मूर्तीपुढं वाहिलेलंबी झालं. वाहिलेलं आमच्यात घेत नाहीत. नणंदेच्या हाती कोणत्या तोंडानं देऊ?”

“वाचलं नाही तं माझा संकल्प मोडते. वाचलं तं तुमचा शब्द मोडते. मी काय करू सांगा.”

दोघी भिंतीला टेकून बसून राहिल्या. एवढ्या थकल्या होत्या की भांडणसुद्धा होईना. शेवटी वासुदेवरावांनी स्वतः चहा ठेवला. तो पिऊन एस्तेरबाईंनी भंडाऱ्याच्या पास्टर आनंदरावांना फोन लावला आणि स्पीकर सुरू केला.

“बहिणी, गोष्टीत आहे काय?” पास्टरांनी विचारलं.

“चेटकीण हाय.”

“काय करते ती?”

“ढवळते.”

“काय ढवळते?”

एस्तेरबाईंनी चित्र निरखून पाहिलं. “दिसत नाही. वाचलं नाही ना मी.”

“मग मी काय सांगू? आपल्या मंडळीत काहीजण अशी पुस्तकं दारात येऊ देत नाहीत, काहीजण लेकरांना जवळ घेऊन वाचतात. मीही आधी कडक होतो. पण गोष्टीत जादू असणं वेगळं, आणि गोष्टीनं लेकराला जादूपुढं हात जोडायला लावणं वेगळं. कुणीतरी शेवटपर्यंत वाचा आणि मला सांगा.”

“हात तं शकुनबाईनं पहिलेच जोडले,” वासुदेवराव म्हणाले. दोघींनी त्यांच्याकडे असं पाहिलं की ते डबा न घेताच बसकडे निघाले.

“वाचा ताई,” एस्तेरबाई उठत म्हणाल्या. “पण माह्यासमोर. तुमच्या शब्दातून मी तुमाले मोकळं केलं. आन् आता मी शब्द देते, माह्यापायी तुमचा संकल्प अर्धा राहणार नाही.”

दुपारी मोना शिकवणीला गेली की वाचन सुरू होई. एस्तेरबाई मांडीवर शास्त्र घेऊन उंबऱ्याबाहेर प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसत. ललिताबाईंना पोथीच्या चालीखेरीज दुसरी चाल येत नव्हती, त्यामुळे चेटकीणही ओवीतच बोले. कढईत औषध होतं, लोभ उतरवणारं. राजाला ते नको होतं.

“थांबा,” एस्तेरबाई बाहेरून म्हणत. “ते औषध कोणाच्या नावानं मंतरलं?”

“नाव नाही लिवलं.”

“मंग वाचा.”

हळूहळू खुर्ची उंबऱ्याच्या आत आली. मग खुर्ची राहिली आणि एस्तेरबाई सतरंजीवर बायांसोबत वाटाणे सोलू लागल्या. “हा राजा मेला पाहिजे,” असं शकुनबाई म्हणाल्या तेव्हा एस्तेरबाईंनी क्षमेवर दोन शब्द सांगितले, पण राजाबद्दल त्यांचंही मत बरं नव्हतं.

शेवटच्या दिवशी प्रसादाचा शिरा झाकून ठेवलेला. गोष्टीत म्हातारी चेटकीण बुरुजात कोंडलेली, नदी चढलेली, पाणी गळ्याला लागलेलं. ललिताबाईंनी पान उलटलं आणि थांबल्या.

“वाच ना व!” शकुनबाई कडाडल्या.

“‘पुढील कथा दुसऱ्या भागात’, असं हाय.”

“म्हंजे? म्हातारी बुडून राहिली आन् पुरं झालं म्हणतं? गोष्ट संपली नाही तं संकल्प कसा संपला?”

शिऱ्याला कुणी हात लावीना. तेवढ्यात दारातून आवाज आला, “म्हातारी नाही बुडत.” शिकवणीला सुट्टी मिळालेली मोना दप्तर घेऊन उभी होती.

“तुले कसं माहीत?” एस्तेरबाई सतरंजीवरून उठल्या.

“आत्याकडं वाचलं ना दिवाळीत. दोन्ही भाग. आवडलं म्हणून तर हे मागितलं.”

“आन् जादू? केली का तू काही?”

“कढई कधी देतं तू मले? दूधही गरम करू देत नाहीस.”

“मग त्या म्हातारीले...” मोना सांगू लागली. शकुनबाईंनी झटकन उठून तिच्या तोंडावर हात ठेवला. “सांगू नको पोरी, संकल्प बाटन!”

दुसऱ्या दिवशी एस्तेरबाई रोजच्यापेक्षा लवकर आल्या. वासुदेवरावांना सुई टोचली. पर्समधला फोन वाजला तेव्हा दबक्या आवाजात म्हणाल्या, “नाही पास्टर, अर्धंच झालं. इतक्यात सांगता येत नाही.” मग ललिताबाईंकडे वळल्या.

“ताई, लाल फडकं उरलं असंन तं द्या थोडं.”

“कायले?”

“येताना बसमध्ये दुसऱ्या भागावरचं चित्र दिसाले नको.”

फडक्याची घडी पर्समध्ये घालून, पदर डोक्यावर घेऊन, त्या नागपूरच्या बससाठी हायवेकडे चालू लागल्या.