पहिल्या टेबलाचा मान

अलाबामातल्या ब्रायर फेरी गावात शरदातल्या शनिवारी कुणी लग्न ठेवत नाही. ठेवलंच तर लोक आहेर पाठवतात आणि स्वतः मॅच बघत घरी बसतात. म्हणून जोलीन थिगपेनने लेकीचं, म्हणजे लॉरेलचं, लग्न जूनमध्ये ठेवलं आणि फुटबॉलची ब्याद टळली म्हणून देवाचे आभार मानले. इथेच ती फसली. अलाबामात फुटबॉल चार महिने खेळतात आणि उरलेले आठ महिने त्यावर भांडतात. जून म्हणजे भांडणाचा ऐन हंगाम.

सुरुवात अगदी साळसूद होती. चर्चच्या हॉलमध्ये जेवणाची आठ टेबलं लागणार होती. टेबलांना नंबर दिले की शेवटच्या टेबलावरची माणसं रुसतात, हे जोलीनने थोरल्या दोघींच्या लग्नांत पाहिलं होतं. तेव्हा या खेपेला तिने नंबरांऐवजी नावं द्यायचं ठरवलं. गावाला आवडतील अशी नावं हवीत, म्हणून गेल्या काही हंगामांतले कॉलेज फुटबॉलचे आठ उत्तम संघ घ्यायचे. ती आपल्या या युक्तीवर इतकी खूश झाली की तिने ती नवऱ्याला सांगून टाकली.

वेंडेल थिगपेनचं खताचं दुकान होतं, पण जीव होता हॅचर स्टेट कॉलेजच्या संघात. त्या संघाचं चिन्ह साळिंदर. वेंडेलच्या टोपीवर, पिकअपवर आणि दारातल्या टपालपेटीवरही साळिंदर होतं.

"नावं दिली म्हणजे क्रम आला," तो म्हणाला. "पहिलं टेबल कुणाचं?"

"क्रम कशाला? नुसती नावं द्यायची."

"जोलीन, नुसती नावं कुत्र्यांना देतात. संघांना क्रम असतो."

आणि त्याने क्रम लावला. पहिल्या टेबलावर, जिथे नवरानवरी आणि दोन्हीकडचे आईबाप बसायचे, तिथे त्याने चार वर्षांपूर्वीचा हॅचरचा संघ बसवला. नवऱ्या मुलाचा बाप, रॉइस कल्पेपर, हा मॅग्रूडर कॉलेजचा आहे, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. मॅग्रूडरचं चिन्ह बगळा. ही दोन्ही कॉलेजं एकाच राज्यातली, आणि साळिंदरवाल्यांचं नि बगळेवाल्यांचं आजोबांच्या काळापासून विळ्याभोपळ्याचं सख्य.

त्यातून ते वर्षच मोठं नाजूक होतं. मॅग्रूडरने त्या हंगामात सगळे सामने जिंकले, फक्त एक सोडून. तो एक त्यांनी घालवला हॅचरविरुद्ध, शेवटच्या क्षणी खांबांमधून मारलेल्या किकवर. उलट हॅचर स्वतः तीन ठिकाणी हरलं होतं. त्यांतला एक संघ असा होता की त्याचं नाव वेंडेल घरात काढू देत नसे.

रॉइसचा फोन दुसऱ्याच दिवशी आला.

"तीनदा नाक कापून घेतलेला संघ पहिला?" त्याने विचारलं.

"ज्यांना आम्ही हरवलं, ते आमच्या वर कसे बसतील, ते तू सांग."

"ती किक खांबाच्या बाहेरून गेली होती, वेंडेल."

"पंचाने दोन्ही हात वर करून गुण दिले होते."

"पंचाला काय, त्याचा मेहुणा तुमच्या हॅचरमध्ये शिकवतो."

शेवटी रॉइसने निरोप दिला की मुलाचं लग्न आहे, तेव्हा चर्चमध्ये येईन. पण साळिंदरांच्या टेबलावर जेवणार नाही, ताट घेऊन माझ्या पिकअपमध्ये बसेन. आठवड्याभरात कल्पेपरांच्या साऱ्या गोतावळ्याने तेच ठरवलं. अर्धं वऱ्हाड गाड्यांची दारं उघडी टाकून भाजलेलं डुकराचं मांस खातं आहे, हे चित्र जोलीनच्या डोळ्यांसमोरून हलेना.

लॉरेलला तर रडूच कोसळलं. "डॅडी, मला दुसरं काही नको," ती म्हणाली. "तुम्ही दोघं माझ्या टेबलावर शेजारी शेजारी बसा, एवढंच. उद्या माझी पोरं काय जन्मभर दोन पिकअपमध्ये हेलपाटे घालणार?"

वेंडेलने तिचे डोळे पुसले. पण खोटा क्रम लावायचा म्हणजे काय? "पोरी," तो म्हणाला, "तुझ्यासाठी मी एक किडनी देईन. पण पहिला नंबर कसा देऊ?"

मग प्रकरण पाद्र्यांकडे, ब्रदर डाल्टन यांच्याकडे गेलं. त्यांच्या चर्चमध्ये साळिंदरं आणि बगळे दोन्ही यायचे आणि दानपेटीत दोघांचेही पैसे पडायचे, त्यामुळे त्यांनी कधी कुणाची बाजू घेतली नव्हती. या वेळीही त्यांनी रविवारी प्रवचनात एवढंच सांगितलं, की शेवटचे ते पहिले होतील. बिचाऱ्यांचा हेतू चांगला होता. सोमवारी सकाळी वेंडेलने जाहीर केलं की हॅचरला आठवं टेबल द्या, आम्ही नम्र माणसं आहोत. दुपारी रॉइसचा फोन आला की आठवं टेबल मॅग्रूडरचं आहे.

"नम्रतेत तर आम्ही तुमच्यापेक्षा कितीतरी वर आहोत," तो म्हणाला.

तेव्हा लॉरेलने टेबलांच्या नावांच्या सगळ्या पाट्या आईच्या हातातून काढून घेतल्या. क्रम मी लावते, लग्नाआधी कुणी बघायचा नाही, असं तिने बजावलं. सगळे इतके दमले होते की कुणी हूं की चूं केलं नाही.

लग्न छान लागलं. लेकीचा हात नवऱ्या मुलाच्या, टकरच्या, हातात देताना वेंडेल मुसमुसला, आणि पलीकडे रॉइसनेही रुमाल काढला. मग मंडळी हॉलकडे वळली. रॉइस फक्त दारातून डोकावून पिकअपकडे जाणार होता. पण पहिल्या टेबलावरची पाटी वाचून तो जागच्या जागी थांबला. पाटीवर लिहिलं होतं, 'लेकशोर टेक'.

लेकशोर टेक म्हणजे थेट उत्तरेतलं कॉलेज. तिकडे ऑक्टोबरातच बर्फ पडतं आणि लोक चहा साखरेशिवाय पितात.

"हे काय आहे?" रॉइसने विचारलं.

"माझ्याकडे बघू नकोस," वेंडेल म्हणाला. "मलाही आत्ताच कळतंय."

"लेकशोर? ते खेळले तरी कुणाशी? नर्सिंग कॉलेजांशी?"

"आपल्या इकडे आले असते तर महिन्याभरात कुबड्या घेऊन परत गेले असते. तुमच्या बगळ्यांनीच लोळवलं असतं त्यांना."

रॉइस जरा घुटमळला. "खरं सांगायचं तर," तो म्हणाला, "तुमच्या साळिंदरांनीसुद्धा."

वेंडेलने खुर्ची ओढून दिली आणि रॉइस बसला. ताटातली तळलेली भेंडी म्हणजे लेकशोर आणि भरलेली अंडी म्हणजे आपण, अशी मांडणी करून दोघांनी लेकशोरच्या बचावाला कुठे कुठे भगदाड पडतं ते दाखवायला घेतलं. रॉइस जागचा उठत नाही असं पाहून बाकीचे कल्पेपरही गाड्यांतून उतरून आत आले. केक कापायला दोनदा हाक मारली, ती दोन्ही व्याह्यांना ऐकूच गेली नाही.

त्यांची ती जवळ आलेली डोकी बघून लॉरेलचे डोळे भरून आले. इतकं सुख तिला सकाळी चर्चमध्येही झालं नव्हतं.

"काय डोकं चालवलंस," टकर तिच्या कानाशी म्हणाला. "कुठला तरी फालतू संघ वर टाकलास आणि दोघांना एक केलंस."

"फालतू कसा?" लॉरेलने केकचा तुकडा त्याच्या बशीत ठेवला. "त्या अख्ख्या हंगामात एकही सामना हरले नाहीत ते. तुमच्या बगळ्यांना अर्ध्या वेळातच गुंडाळलं असतं त्यांनी, आणि डॅडींच्या साळिंदरांना त्याच्याही आधी. मी नीट विचार करून क्रम लावलाय. खरंच तेच पहिले."

टकरचा काटा हवेतच राहिला.

"हे तू लग्नाआधी सांगायला हवं होतंस," तो हळूच म्हणाला, आणि केकची बशी उचलून पहिल्या टेबलाकडे, बापाजवळ गेला. तिथे त्याने वाकून काहीतरी सांगितलं. दोन्ही व्याह्यांनी एकदम माना वळवल्या. लॉरेल पदर सावरावा तसा झगा सावरत जवळ आली, तर वेंडेलने रॉइसच्या नि आपल्या मधली खुर्ची तिच्यासाठी मागे सरकवली.

"बस, पोरी," तो म्हणाला. "मी आणि रॉइस तुला समजावून सांगतो."